चार कड्यांची फाइल

"तिला म्हणावं, हात सोड माझा," माई म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, मी धरलेलाच नाही," नलूकाकू म्हणाल्या.

दोघींची मनगटं एकमेकींपासून चार बोटांवर होती. मी समोर उभी होते. तरीही निरोप माझ्यामार्फतच जायला हवा होता. म्हणून मी माईंना सांगितलं, "काकू म्हणतायत, त्यांनी धरलेला नाही."

"ऐकलं मी. बहिरी नाहीये. तिला म्हणावं, मग कुणी धरलाय?"

मी वाकून पाहिलं. धरला होता तो फाइलनं.

बार्शीतल्या एका मंगल कार्यालयात अधिक महिन्यानिमित्त भजनस्पर्धा होती. बाहेरगावच्या मंडळांना बसायला वधूपक्षाची खोली दिली होती. त्या खोलीत गादीवर या दोघी शेजारीशेजारी बसलेल्या. दोघींच्या मांडीवर मिळून आमच्या मंडळाची भजनांची फाइल. तिच्या चार कड्यांपैकी वरच्या कडीत माईंच्या डाव्या हातातली सोन्याची पाटली ओवली गेली होती आणि तिसऱ्या कडीत नलूकाकूंच्या उजव्या हातातली. कड्या घट्ट मिटलेल्या. बेड्याच पडल्या होत्या म्हणा ना.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. नलूकाकू त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे माझी चुलतसासू. करमाळ्याला आमची दोन बिऱ्हाडं एकाच अंगणात, मधे एक नळ. दोघी मिळून अन्नपूर्णा महिला भजनी मंडळ चालवायच्या आणि दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. याला कारण शिंक. पूर्वी एकदा मंडळाचं भजन रेडिओवर झालं होतं. माईंचा आलाप अगदी टिपेला पोचला असताना काकूंना शिंक आली, आणि आलापासकट ती शिंक सगळ्या जिल्ह्यानं ऐकली. काकूंचं म्हणणं, शिंक काय सांगून येते? माईंचं म्हणणं, हिची येते.

तेव्हापासून बोलणं बंद. निरोप पोचवायचं काम आधी माझ्या सासऱ्यांकडे होतं. मी लग्न होऊन घरात आले आणि ते खातं माझ्याकडे आलं. सासरे इतके मोकळे झाले की त्याच दिवशी देवळात नारळ फोडून आले. सकाळी डोळे उघडले की सुरू. "तिला म्हणावं, नळ बंद कर." "त्यांना म्हणावं, बंदच आहे, गळतोय." "तिला म्हणावं, गळतोय तर खाली बादली ठेव." माझं निम्मं आयुष्य त्या अंगणात येरझाऱ्या घालण्यात चाललं होतं.

ती फाइल मीच आणलेली. मी तेव्हा दूध संघाच्या कार्यालयात टायपिस्ट होते. मंडळात भजनांच्या दोन वह्या होत्या, एक माईंची, एक काकूंची. दोन्हींतला क्रम वेगळा. त्यामुळं गाता गाता निम्म्या बायका एकीकडं जायच्या, निम्म्या दुसरीकडं. मी विचार केला, सगळी भजनं टाइप करून एकाच जागी ठेवावीत. सोलापूरहून चार कड्यांची जाड पुठ्ठ्याची फाइल आणली. वर आणि खाली एकेक खटका. खटका दाबला की कड्या उघडतात, हवं ते पान हवं तिथं घालता येतं, काढताही येतं. मला वाटलं, भांडण मिटलं.

झालं भलतंच. शिवलेल्या वहीतलं पान फाडायला बाईला धीर लागतो. आवाज होतो, कपटा मागं राहतो. या फाइलमधलं पान मात्र अलगद निघायचं, आणि निघाल्याचा मागमूस राहायचा नाही. आठवडाभरात माईंचा आवडता अभंग गेला. मग काकूंची गवळण गेली. मी पुन्हा टाइप करून घातलं की पुन्हा जायचं. एक गवळण मला माईंच्या मांडणीत बरण्यांखाली अंथरलेली सापडली. माईंचा तो अभंग तर मी इतक्यांदा टाइप केला की दूध संघाच्या एका पत्रात 'आपला विश्वासू'च्या जागी मी 'शरण आलो' असं टाइप करून बसले, आणि साहेबांनी खाली सहीसुद्धा केली.

शेवटी ठरलं, ही स्पर्धा एकत्र, यापुढं दोन मंडळं. काकूंनी नव्या मंडळाचं नावही योजलं होतं. फाइलमधली पानं वाटून घ्यायची आणि रिकाम्या कड्या मला द्यायच्या, इथपर्यंत बोलणी झाली होती. अर्थात माझ्याच तोंडून.

स्पर्धेत एका मंडळाला एकच रचना म्हणता येणार होती. अभंग की गवळण, हे बार्शी आली तरी ठरेना. मी बायकांसाठी पाणी आणायला गेले आणि परत आले तर हा प्रकार.

"नक्की झालं काय?" मी बापूंना विचारलं. बापू घोंगडे आमचे पखवाजवाले, मंडळातला एकमेव पुरुष. ते कोपऱ्यात पखवाज चढवत बसले होते.

"काय व्हायचंय! खटका दाबून दोघींनी एकदम हात घातला. यांना त्यांचं पान काढायचं होतं, त्यांना यांचं. फाइल लागली घसरायला. दोघींनी वरून दाबून धरली, आणि खाट्‌कन मिटली की." बापूंनी कपाळाला हात लावला. "पंचवीस वर्षं भजनात वाजवतोय, असं काही बघितलं नव्हतं."

मी खटका दाबायला गेले. वरचा वाकून आडवा झाला होता. खालचा तुटून सतरंजीवर पडला होता. कड्यांमधे नखसुद्धा शिरेना. बापूंनी पखवाजाची हातोडी उचलली.

"बापू, खबरदार!" माई ओरडल्या. "माझी पाटली तीन तोळ्यांची आहे."

"त्यांना म्हणावं, माझीही तीनाचीच आहे."

"तिला म्हणावं, अडीचाची आहे. सोनाराकडं मीच गेले होते बरोबर."

मग एका बाईनं साबणाची वडी आणली. मनगटाला फेस काढून पाटलीच उतरवावी, असा बेत. पण माईंची पाटली लग्नात चढवलेली. त्यानंतर मनगट वाढत गेलं, पाटली होती तेवढीच राहिली. काकूंचीही तीच गत. फेसानं दोघींचे पदर तेवढे भिजले.

एवढ्यात बाहेरून कर्णा कडाडला. "स्पर्धक क्रमांक अकरा! अन्नपूर्णा महिला भजनी मंडळ, करमाळा! तीनदा पुकारा झाल्यावर स्पर्धकांना बाद धरण्यात येईल. पुकारा पहिला!"

आमच्यातल्या दोघीतिघींनी रडायला सुरुवात केली. महिनाभर सगळ्यांनी घरची कामं आटपून तालीम केली होती. एकीनं तर भाचीचा साखरपुडा बुडवला होता.

"तिला म्हणावं, मी अशी जाणार नाही," माई म्हणाल्या. "गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"त्यांना म्हणावं, मीसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.

"पुकारा दुसरा!"

आणि मला काय झालं कोण जाणे. आजवर सासूपुढं आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, "काही म्हणणार नाही मी कुणाला! दोघी उठा आधी!"

माई माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या. पण काकू बसलेल्या, त्यामुळं हिसका बसून माई पुन्हा खाली. तोवर काकू उठल्या, त्यांना माईंनी खाली ओढलं. शेवटी मी "एक, दोन, तीन" म्हटलं तेव्हा दोघी एकदम उभ्या राहिल्या. फाइल दिसू नये म्हणून बापूंनी आपली शाल दोघींच्या हातांवर टाकली. शाळेतल्या तीन पायांच्या शर्यतीसारख्या त्या निघाल्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, शाल घेऊन कुणाचा तरी सत्कार करायला चालल्यात.

रंगमंचावर बसल्यावर नवीच अडचण उभी राहिली. टाळ वाजवायला दोन हात लागतात. माईंचा उजवा तेवढा मोकळा, काकूंचा डावा. मी मागच्या रांगेतून पुढं सरकले, टाळांच्या जोडीतला एक माईंच्या उजव्या हातात दिला, दुसरा काकूंच्या डाव्या हातात, आणि मधली दोरी सोडून टाकली.

"वाजवा," मी म्हटलं.

पहिला ठोका काकूंनी माईंच्या बोटांवर मारला. दुसरा माईंनी हवेत मारला. फाइल मांडीवर उघडी होती. डावीकडच्या पानावर माईंचा अभंग, उजवीकडं काकूंची गवळण, आणि पाटल्या अडकल्यामुळं पान उलटायची सोय नाही. माईंनी अभंग उचलला. त्याच क्षणी काकूंनी गवळण उचलली. मागच्या बायकांनी आपापली बाजू धरली. बापू बिचारे एक कान इकडं, एक कान तिकडं ठेवून दोन्हींच्या मधलंच काहीतरी वाजवू लागले.

माईंनी मान किंचित मागं वळवली आणि मला हळूच म्हणाल्या, "तिला म्हणावं, समेवर ये."

पुढ्यात ध्वनिक्षेपक होता. "तिला म्हणावं, समेवर ये," असं सबंध कार्यालयात घुमलं. लोक हसले. पहिल्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "भारूड आहे वाटतं."

माईंचं तोंड लाल झालं. त्यांनी घाईनं पुढचं कडवं धरायला फाइलकडं पाहिलं, तर वरची शाल घसरून नेमकी डाव्या पानावर पसरलेली. हात बांधलेला, दुसऱ्यात टाळ. माईंनी जन्मात कधी भजन पाठ केलं नव्हतं. त्यांचा सगळा भरवसा कागदावर. त्या थांबल्या. मागच्या बायका थांबल्या. काकूंनाही मग एकटीनं गवळण रेटवेना. बापूंचा पखवाज तेवढा धुमधुमत राहिला. परीक्षकांपैकी एकानं पेन उचललं.

आणि काकूंनी माईंच्या अभंगाची पुढची ओळ म्हटली.

कागदाकडं न बघता म्हटली. चाल माईंची, माईंची ती शेवटच्या अक्षराला झोका द्यायची लकबसुद्धा तीच. माई वळून बघत राहिल्या. ओळ संपवून काकू पुटपुटल्या, "रोज पहाटे भिंतीतून ऐकते. पाठ नाही होणार तर काय!"

हेही सगळ्या कार्यालयानं ऐकलं. पण यात 'त्यांना म्हणावं' नव्हतं. मी सवयीनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

माईंनी ओळ उचलली. पुढची काकूंनी सांगितली, माईंनी गायली. त्यानंतरची दोघींनी मिळून. आणि टाळ, जो इतका वेळ बोटांवर आणि हवेत आपटत होता, तो खणखणीत वाजायला लागला. एकमेकींना बांधलेल्या बायकांना वेगळ्या लयीत जायला जागाच नव्हती. बापूंनी डोळे मिटून लय वाढवली. मागच्या बायका डोलायला लागल्या. माई रंगात आल्या आणि त्यांनी आलाप घेतला.

तो वर वर चढत निघाला तशी मी काकूंकडं पाहिलं. बापूंची शाल वर्षभर ट्रंकेत पडलेली, तिची धूळ उडत होती. काकूंच्या नाकपुड्या फुरफुरत होत्या. एक हात फाइलीत, दुसऱ्यात टाळ. डोळे पाण्यानं भरलेले. तोंड हळूहळू उघडत चाललेलं.

माईंनी ते पाहिलं. आलाप जराही न तुटू देता त्यांनी आपला उजवा हात उचलला आणि हातातल्या टाळासकट काकूंचं नाक चिमटीत पकडलं. आलाप संपेपर्यंत सोडलं नाही. सम आली, तेव्हा नाक सोडून त्याच हातानं ठोका दिला. कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचा झाकणाचा डबा. अध्यक्षांनी भाषणात आमचा मुद्दाम उल्लेख केला. एकच टाळ दोघींनी मिळून वाजवण्याचा आणि सखीच्या नाकाला टाळ लावण्याचा जो अभिनव प्रयोग करमाळ्याच्या भगिनींनी केला, त्यामागं मोठा अर्थ आहे, असं ते म्हणाले. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर पंगत बसली. बापू सायकल दुरुस्तीचं दुकान शोधून पक्कडवाला माणूस आणायला गेले होते. तोवर थांबावं म्हटलं तर वाढपी थांबायला तयार नाहीत. दोघी शेजारीशेजारी पाटावर बसल्या, मधे फाइल. माईंचा उजवा हात मोकळा होता. त्यांनी वरणभात कालवला. काकूंचा उजवा फाइलीत.

"त्यांना म्हणावं, जेवून घ्या," काकू मला म्हणाल्या. "मला भूक नाही. डाव्या हातानं मी जेवत नाही."

मी माईंना सांगायच्या आत माईंनी घास उचलला आणि काकूंच्या तोंडासमोर धरला.

"आ कर."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं.

"वैजूकडं काय बघतेस? ती भरवणार आहे का? आ कर म्हटलं ना!"

काकूंनी आ केला. घास गिळला.

"मीठ कमी आहे वरणात," काकू म्हणाल्या.

"मग आमटी देऊ?"

"तिखट असेल."

"मग गिळ मुकाट्यानं."

एक घास माई स्वतः घ्यायच्या, एक काकूंना द्यायच्या. वाढप्यानं तूप वाढलं, ते माईंच्या बोटांवरून मधल्या फाइलवर ठिबकत होतं. मी समोरच्या पाटावर बसून जेवायचं विसरले होते.

"जाऊबाई," काकू एकदम म्हणाल्या, "त्या दिवशी रेडिओवर मी तीन शिंका दाबल्या होत्या. चौथी सुटली."

माईंचा हात थांबला. "तीन दाबल्यास?"

"तीन. कानात दडे बसले माझ्या."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाजवळ सांगू? तुम्ही तर बोलत नव्हता."

"वैजूजवळ सांगायचं."

"वैजू तेव्हा कुठं होती! ती शाळेत असेल."

माईंनी जरा विचार केला. हिशेब त्यांना पटला असावा. त्यांनी पुढचा घास मोठा केला.

जिलबीची परात आमच्या रांगेत आली तेव्हाच बापू पक्कडवाल्याला घेऊन दारात उभे राहिले. आणि तेव्हाच ठिबकलेलं तूप कड्यांच्या सांध्यात नेमकं कुठवर झिरपलं होतं देव जाणे, बारीकसा आवाज झाला आणि चारी कड्या आपोआप उघडल्या. दोन-चार पानं सुटून ताटात पडली.

मी ते पाहिलं. बापूंनी पाहिलं. माईंनी खाली बघितलं, काकूंनीही बघितलं. कुणीच हात उचलला नाही.

"माई, उघडलं की!" मी म्हणाले.

"दिसतंय मला," माई म्हणाल्या. "पंक्तीत मधेच उठू नये. वाढपीदादा, इकडं दोन जिलब्या घाला."

काकूंचा उजवा हात आता मोकळा होता. तरी माईंनी जिलबीचा तुकडा मोडला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. पक्कडवाल्याला बापूंनी आपल्या शेजारी जेवायला बसवलं. त्याला इतक्या लांब कशाला आणलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पण जिलब्या त्यानं भरपूर खाल्ल्या.

इथून पुढं दोघी गुण्यागोविंदानं नांदल्या, असं मी लिहिलं तर करमाळ्यात कुणाचा विश्वास बसणार नाही. मंडळ फुटलं नाही एवढं खरं. पण परतीच्या वाटेवर जीप बार्शीच्या वेशीबाहेर पडायच्या आतच माई म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला सूर सोडलास तू."

"मी सोडला? तुम्हाला शब्द कोण देत होतं?"

"शब्द दिलेस, सूर नाही दिलास. आणि तो डबा माझ्याकडं राहील."

"का म्हणून? नाक माझं दाबलं गेलं!"

दोघींच्या मधे, जीपच्या त्या चिंचोळ्या बाकावर, मी बसले होते. दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींशी कडाकडा भांडत होत्या. बापूंनी कानाला मफलर गुंडाळला. ड्रायव्हर आरशातून पुन्हा पुन्हा मागं बघत होता. इतक्या वर्षांचं सगळं साचलेलं त्या उकरून काढत होत्या. नळ, बादली, सोनार, साखरपुड्याला दिलेलं हलकं लुगडं. आणि एकीनंही मला कुणाला काही सांगायला सांगितलं नाही.

मी माईंच्या खांद्यावर डोकं टेकलं, पाय काकूंच्या पिशवीवर ठेवले आणि करमाळा येईपर्यंत गाढ झोपले.